चंद्राच्या मातीतला बर्फ तापवला की नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रावरच्या पाण्याचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बहुतेकांना वाटतं की तिथला बर्फ इतका थंड आहे की तो तापवणं हेच मोठं काम असणार, पण बर्फ तसा बिचारा गुणी आहे, थोडी उष्णता मिळाली की लगेच उडतो. सगळा त्रास त्याच्या आजूबाजूच्या मातीचा आहे. खाली बऱ्याच उत्तरात फिरून फिरून मातीवरच येणार आहे, तेवढं समजून घ्या. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये दिलीत, आणि जिथे "साधारण" म्हटलंय ती कागदावर केलेली ढोबळ आकडेमोड आहे.

बर्फ तापवला की पाणी होणार, यात विचारण्यासारखं काय आहे?

चंद्रावर पाणी होतच नाही, तेच तर आहे ना. पाणी द्रव राहायला वरून दाब लागतो, निदान ६११ पास्कल, म्हणजे आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या १६० व्या भागाएवढा तरी. चंद्रावर दाब आपल्यापेक्षा काहीशे लाख कोटी पटींनी कमी, म्हणजे व्यवहारात शून्यच. त्यामुळे बर्फ वितळत नाही, सरळ वाफ होतो. शाळेत ज्याला संप्लवन म्हणायचे तेच, डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवल्या की हळूहळू बारीक होत नाहीशा होतात आणि कपाट कधी ओलं होत नाही, तसं.

बंद डब्यात माती भरून तापवली, वाफेला बाहेर जायला वाटच ठेवली नाही आणि आतला दाब ६११ च्या वर गेला तर मग पाणी मिळेल. ते डब्याचं कौतुक, चंद्राचं नाही.

मग किती तापमानाला उडायला लागतो? एक आकडा सांगा.

एक आकडा नाहीये. पाणी १०० अंशाला उकळतं हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की इथेही तसाच आकडा असणार असं वाटतं. निर्वातात बर्फ प्रत्येक तापमानाला उडतच असतो, प्रश्न फक्त किती वेगाने.

उघड्या बर्फाचा हिशोब असा येतो. उणे १७३ ला साधारण १०० कोटी वर्षांत एक मिलिमीटरसुद्धा जात नाही. उणे १५३ ला, म्हणजे फक्त २० अंश वर, दर १० लाख वर्षांना एक-दीड सेंटिमीटर. उणे १२३ ला वर्षाला एक तृतीयांश मिलिमीटर. आणि उणे ७३ ला तासाला जवळजवळ एक मिलिमीटर!! म्हणजे १०० अंशांच्या फरकात वेग हजार-दोन हजार नाही तर काही लाख कोटी पटींनी वाढला. हा चढ डोक्यात ठेवला की पुढचं सगळं समजतं. काही विवरांत बर्फ अब्जावधी वर्षं टिकू शकतो आणि शेजारच्या उतारावर टिकत नाही ते का, आणि आपल्याला तो काढायला शून्यापर्यंत तापवायची गरज का नाही, ते पण.

एक गंमत अजून. उडताना बर्फ स्वतःच स्वतःला थंड करतो, कारण एक किलो बर्फाची वाफ व्हायला २८ लाख ज्यूल लागतात (अप्रकट उष्मा, आठवतंय का). उघडा बर्फ उणे ७३ वर नुसता टिकवून धरायचा तरी प्रत्येक चौरस मीटरला साधारण ६०० वॅट देत राहायला लागतं, नाहीतर तो परत गार होतो आणि उडायचा थांबतो. म्हणून जास्त उष्णता ओतली तर तापमान फारसं वाढत नाही, वाफ वाढते.

मुळात तिथे बर्फ आहेच कशावरून?

थोडक्यात सांगतो. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कलता आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाला सूर्य कधीच दिसत नाही. एलआरओ या यानाने २००९ पासून मोजलेली तिथली तापमानं काही ठिकाणी उणे २४० च्या खाली आहेत. त्याआधी १९९८ मध्ये लूनर प्रॉस्पेक्टर यानाला ध्रुवांवर जास्तीचा हायड्रोजन दिसला होता, मग चांद्रयान-१ वरच्या उपकरणांना पाण्याच्या खुणा दिसल्या. सगळ्यात ठोस म्हणजे ९ ऑक्टोबर २००९ ला एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा मुद्दाम कॅबियस विवरात आपटवला, आणि उडालेल्या धुरळ्यात वजनाने साधारण ५.६ टक्के पाणी निघालं. त्या ५.६ ला अधिक-उणे २.९ असं शेपूट आहे, ते लोक सांगायचं विसरतात. आणि तो आकडा एका विवरातल्या एका जागेचा आहे, सगळ्या ध्रुवाचा नाही.

दिवसा चंद्र शंभराच्या वर तापतो म्हणतात, मग मातीखालचा बर्फ उडून जात नाही का?

विषुववृत्ताजवळ दुपारी १२० अंशांपर्यंत जातं हे खरं, पण ते वरच्या पापुद्र्याचं. खाली गेलं की भलतंच चित्र. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर चास्ते नावाचं उपकरण होतं, मातीत १० सेंटिमीटर खुपसायची सळी आणि त्यावर १० सेन्सर. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या पहिल्याच आलेखात वर ५० च्या पुढे आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. वीतभरही नाही, आणि ६० अंशांचा फरक! नंतर सविस्तर आकडे आले तेव्हा अजून एक मजेशीर गोष्ट कळली, सळी टोचली ती जागा सूर्याकडे सहाएक अंश कललेली होती म्हणून तिथे कमाल ८२ अंश गेलं, आणि तिथून मीटरभर लांब सपाट जागेवर ५९ च्याच आसपास. म्हणजे ध्रुवाकडच्या भागात नुसत्या उताराने एवढा फरक पडतो. मग सूर्याकडे पाठ केलेल्या उतारांवर बर्फ थोड्याच खोलीवर टिकू शकतो, त्यासाठी कायम अंधाराचं विवरच पाहिजे असं नाही.

विषुववृत्ताजवळ मात्र आशा नको. तिथे हातभर खाली गेल्यावर दिवस-रात्रीचा फरक मिटतो पण जे तापमान स्थिर होतं तेच उणे २० च्या आसपास, आणि वर दिलेल्या आकड्यांवरून उणे २० ला बर्फाचं काय होतं ते सांगायची गरज नाही.

माती तापायला एवढा वेळ का लागतो? जोरात हीटर लावला की झालं ना?

इथेच सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर.

चांद्रमाती म्हणजे बारीक पूड, कण सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान, टोकदार, आणि कणांमधे हवा नाही. आपल्याकडे कोरड्या मातीतून उष्णता जाते त्यात कणांमधल्या हवेचा मोठा हात असतो, तो इथे गायब. उष्णता जाणार ती फक्त कण एकमेकांना जिथे इवलासा स्पर्श करतात तिथून, आणि थोडीशी प्रारणाने. म्हणून वरच्या थराची उष्णता वाहकता मीटर-केल्विनला ०.००१ ते ०.००३ वॅट इतकीच, म्हणजे थर्माकोलपेक्षा निदान दसपट चांगला इन्सुलेटर. अख्खा चंद्र थर्मासच्या पावडरने झाकलाय समजा. अशा कोरड्या मातीत १० सेंटिमीटर खाली उष्णता नीट पोचायला साधारण महिनाभर किंवा जास्तच लागतो. हीटर दुप्पट जोरात केला तर हीटरला चिकटलेली माती भाजून निघते आणि चार बोटं पलीकडे काही पत्ताच नसतो.

आता तुम्ही म्हणाल मातीत बर्फ आहे ना, आणि बर्फ तर उष्णता चांगली वाहतो. बरोबर! बर्फाने कण एकमेकांना चिकटवले असतील तर ती माती कोरड्या मातीच्या कितीतरी पट चांगली वाहक असते, सुरुवातीला काम मस्त चालतं. पण मग हीटरजवळचा बर्फ उडतो, आणि तो उडाला की मागे राहते तीच कोरडी थर्मासवाली माती. म्हणजे जितकं यश मिळेल तितकी पुढची वाट बंद होत जाते. कोरड्या थराची जाडी वाढत जाते, बर्फाची सीमा मागे मागे सरकते, आणि तीच वॅट देऊन निघणारी वाफ तासागणिक कमी होते. पहिल्या तासाचं उत्पादन गुणिले दिवसाचे २४ तास असा हिशोब कुणी दाखवला तर तिथेच थांबवा.

उपाय एकच, अंतर कमी ठेवायचं. एक तर माती उकरून पातळ थरात किंवा ढवळत ढवळत तापवायची, नाहीतर हीटर जवळजवळ लावायचे, नाहीतर वरचा कोरडा थर खरवडून काढत राहायचं.

वाफ वरच येते ना? गरम गॅस वर जातो.

गरम गॅस वर जातो ते हवेत, आजूबाजूची थंड हवा त्याला ढकलते म्हणून. इथे ढकलणारं कुणी नाही. मातीतल्या पोकळ्या इतक्या छोट्या आणि वाफ इतकी विरळ की पाण्याचे रेणू एकमेकांना भेटण्याआधी मातीच्या कणालाच धडकतात, एका कणावरून दुसऱ्यावर, वाट्टेल त्या दिशेला. एकूण प्रवाह जातो जिकडे वाफेचा दाब कमी असेल तिकडे. वर मोकळं आकाश आहे, दाब शून्य, तिकडे जाणारच. पण खाली आणि बाजूला उणे २०० ची माती आहे, आणि तिथेही वाफेचा दाब शून्यच की! इतक्या थंड कणावर रेणू आदळला की चिकटून बसतो, परत उडायचं नाव नाही.

त्यामुळे तापवलेल्या जागेतून निघालेल्या वाफेचा काही भाग बाहेर येतो आणि बाकीचा शेजारच्या थंड मातीत जाऊन परत गोठतो. आपण बर्फ काढतोय असं वाटत असतं आणि निम्मं काम बर्फ इकडून तिकडे सरकवण्याचंच चाललेलं असतं. ड्रिलची भोकं किंवा नळ्या आधीच ठेवल्या तर वाफेला सोपी वाट मिळते, पण नळी थंड असेल तर वाफ नळीतच गोठते आणि नळी तुंबते. म्हणून वाफेची पूर्ण वाट गरम ठेवायची आणि फक्त शेवटचा सापळा थंड. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण छोट्या प्रयोगातही हीच चूक व्हॅक्यूम पंपापर्यंत जाऊन भोवते.

वाफ आत अडकली तर स्फोट होईल का?

स्फोट फार मोठा शब्द झाला, पण माती उडू शकते. गणित मजेदार आहे: चंद्राचं गुरुत्व सहावा भाग, त्यामुळे १० सेंटिमीटर मातीच्या थराचं वजन जमिनीवर फक्त २६० पास्कलच्या आसपास दाब टाकतं. आणि उणे १० अंशाच्या बर्फाच्या वाफेचा दाब? तोही २६० पास्कल. म्हणजे घाईघाईने तापवलं, वर घट्ट थर असला आणि वाफेला पाझरायला वेळ मिळाला नाही तर तो थर उचलला जाणार, कारंज्यासारखी धूळ उडणार आणि ती वातावरण नसल्यामुळे लांब जाऊन पडणार. उणे ५० ला हा दाब चारएक पास्कलच असतो, तेव्हा सावकाश आणि कमी तापमानाला काम केलं तर हा प्रश्न येत नाही. घाई नको.

एक किलो पाण्याला वीज किती लागते?

समजा ५ टक्के बर्फ आहे. म्हणजे एक किलो बर्फासोबत १९ किलो माती आली, तीही तापवायला लागणार, फुकट. उणे २३३ पासून उणे ५३ पर्यंत न्यायचं धरलं तर मातीला साधारण १२ लाख ज्यूल, बर्फाला तापायला २ लाख, आणि वाफ करायला २८ लाख. एकूण ४२ लाख, म्हणजे सव्वा युनिटच्या आत. थंडीतल्या मातीची उष्माधारकता कमी असते हे इथे आपल्या फायद्याचं पडतं. बर्फ १ टक्काच निघाला तर ९९ किलो माती ओढायची आणि हिशोब दुपटीच्या वर, अडीच युनिटच्या पुढे जातो. हे सगळं काहीही उष्णता वाया गेली नाही असं धरून, प्रत्यक्षात जास्तच.

तरी बघा, त्याच एक किलो पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस करून हायड्रोजन-ऑक्सिजन करायला नुसत्या सिद्धांताप्रमाणेच ४.४ युनिट लागतात. म्हणजे इंधन करायचं असेल तर बर्फ काढण्यापेक्षा फोडणं महाग. याची चर्चा फार होत नाही.

आणि वाफ सापळ्यात परत गोठवताना तेच २८ लाख ज्यूल बाहेर टाकायला लागतात. हवा नाही, पाणी नाही, फक्त प्रारणाने. तासाला एक किलो गोठवायचं आणि सापळा उणे ७३ वर ठेवायचा तर साधारण ९ चौरस मीटर रेडिएटर पाहिजे, उणे १२३ वर ठेवायचा तर २७. इतक्या थंड ठिकाणी थंड करण्याचा प्रश्न येतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं.

निघतं ते शुद्ध पाणी असतं का?

नाही हो, पिऊ नका. एलक्रॉसच्या धुरळ्यात हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेनॉल अशी मंडळी होती, आणि वरून पारा. हळूहळू तापवलं तर पटकन उडणारे वायू आधी निघतात, पाणी मागून, त्यामुळे टप्प्याटप्प्याने तापवून बरंचसं वेगळं करता येतं. पण पूर्ण नाही, कारण काही वायू बर्फाच्या आतच कोंडलेले असतात. फार थंडीत वाफेपासून जमलेला बर्फ स्फटिक नसतो, अमॉर्फस असतो, रचना नसलेला, सच्छिद्र. तो उणे १४० ते उणे १२० च्या आसपास तापला की स्फटिक व्हायला लागतो आणि आत अडकलेले वायू एकदम सोडून देतो. निघणाऱ्या वायूंच्या आलेखावर अचानक उंचवटा दिसतो तो याचा. चंद्रावरचा बर्फ किती अमॉर्फस आणि किती स्फटिक हे तो कधी आणि कसा जमला त्यावर आहे.

मायक्रोवेव्हने तापवलं तर? घरच्या ओव्हनसारखं.

घरच्या ओव्हनमध्ये तापतं ते द्रव पाणी. फ्रीझरमधला बर्फाचा खडा मायक्रोवेव्हमध्ये किती आळशीपणे तापतो ते बघा कधीतरी. बर्फ मायक्रोवेव्ह जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे तापायची ती माती आणि मातीने बर्फाला तापवायचं. फायदा एवढा की लहरी आतपर्यंत जातात, वरच्या थर्मासची कटकट टळते. तोटा म्हणजे थंड माती कमी शोषते आणि गरम माती जास्त, मग जिथे आधी तापलं तिथेच अजून तापत जातं. कल्पना चांगली आहे, जादू नाही.

मग ठरलंय काय, तंबू की ड्रिल?

ठरलेलं काही नाही. तंबूची कल्पना अशी की विवराच्या काठावर उन्हात आरसे लावायचे, ऊन खाली सावलीत फेकायचं, जमिनीवर तंबू टाकून वाफ आत कोंडायची आणि थंड सापळ्यात गोठवायची. खोदकाम नाही, हे आवडण्यासारखं. पण वर सांगितलेला कोरडा थर इथे सगळ्यात जास्त नडतो, आणि मुळात बर्फ पृष्ठभागाशी नसेल, वर १०-२० सेंटिमीटर कोरडी माती असेल, तर नुसतं वरून तापवून हाती फार काही लागणार नाही. दुसरी पद्धत पोकळ ड्रिल, त्याच्या भिंतीतच हीटर, आतला मातीचा गाभा तापवायचा आणि वाफ वरून ओढून घ्यायची. अंतर कमी, नियंत्रण चांगलं, पण एका वेळी मिळणार मूठभर. शिवाय बर्फाने सिमेंटसारखी बांधली गेलेली माती त्या थंडीत दगडासारखी कडक होते. माझं मत विचाराल तर सुरुवात ड्रिलनेच होईल, कारण ड्रिलने निदान खाली काय आहे ते तरी कळतं.

पृथ्वीवर प्रयोग करून आधीच सगळं कळत नाही का?

बरंच कळतं, पण बर्फ आणि माती कशी मिसळली यावर उत्तर पार बदलतं. नकली चांद्रमातीत पाणी ओतून गोठवलं की चिखलाचा कडक ठोकळा होतो. बर्फाची बारीक पूड करून कोरडी मिसळली तर भुसभुशीत मिश्रण. वाफेतून कणांवर जमवली तर तिसराच प्रकार. टक्केवारी तिन्हीकडे पाच, तरी उष्णता वेगळी वाहते, वाफ वेगळी निघते, कडकपणा वेगळा. एखाद्या प्रयोगाचा आकडा वाचला की आधी नमुना कसा बनवला ते बघायचं, मग आकडा.

उन्हातल्या मातीतही पाणी सापडलं म्हणतात, तेच तापवलं तर?

ते बर्फ नाही. २०२० मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणातून क्लेवियस विवराजवळ पाण्याचे रेणू दिसल्याचं जाहीर झालं, पण प्रमाण दहा लाखात १०० ते ४०० च्या आसपास, म्हणजे कॅबियसच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. ते काचेच्या कणांत अडकलेलं किंवा खनिजाला चिकटलेलं, उन्हात दुपारी टिकतं याचाच अर्थ सहज सुटत नाही. काढायला काहीशे अंश तापवायला लागतं. तेवढ्या पाण्यासाठी नको.

यान उतरलं की इंजिनच्या झोतानेच बर्फ उडून जाईल का?

खोल थराला फार धोका नाही, झोत काही सेकंदांचा आणि माती थर्मासची, ते इथे कामाला येतं. वरचा थर मात्र खरवडला जातो. पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे, रॉकेटच्या धुरात स्वतःचंच पाणी असतं, आणि ते आजूबाजूच्या थंड जमिनीवर जाऊन गोठतं. मग उतरल्यावर पहिलं पाणी सापडलं तर ते चंद्राचं की तुमचंच? म्हणून उतरल्या जागेपासून लांब जाणारा रोव्हर लागतो, किंवा निदान खोलवरचा नमुना.

आत्तापर्यंत चंद्रावर कुणी बर्फ तापवून पाहिलाय का?

मोजूनमापून, नाही. एलक्रॉसची टक्कर म्हणजे तापवणंच होतं, पण दोन टनांच्या वर वजनाचा टप्पा सेकंदाला अडीच किलोमीटरने आपटून. मार्च २०२५ मध्ये आयएम-२ मोहिमेवर प्राइम-१ नावाचं ड्रिल आणि वायू ओळखणारं उपकरण गेलं होतं, लँडर आडवा पडला, ड्रिल हललं चाललं पण जमिनीत काही शिरलं नाही. त्याच जातीचं मीटरभर खोल जाणारं ड्रिल वायपर रोव्हरवर आहे, ती मोहीम २०२४ मध्ये रद्द झाली आणि २०२५ मध्ये परत मार्गी लागली. पण वायपरवर भट्टी नाही, ड्रिलच्या घर्षणाने आणि उकरलेल्या मातीतून आपोआप जी वाफ सुटेल तेवढीच तो हुंगणार. भट्टी होती ती त्याच्या आधीच्या रिसोर्स प्रॉस्पेक्टरवर, आणि ती मोहीम २०१८ मध्येच गुंडाळली गेली.